खुंटीवरची टोपी

निसर्गात माणसाने लुडबूड करू नये, या ठाम मताचा तो फोटोग्राफर होता. म्हणून सकाळपासून त्याने पिंजऱ्यातली सिमेंटची कुंडी पाल्याने झाकून घेतली, बाजूच्या जाळीला फांद्या बांधून घेतल्या आणि नळ दिसू नये म्हणून नळापुढे एक वाळकं झुडूप उभं करवलं. स्पर्धेच्या फॉर्मवर ठळक छापलं होतं : ‘मानवी हस्तक्षेप आढळल्यास प्रवेशिका बाद.’ शेवटची तारीख आजचीच होती.

बिबट्या अजून आतल्या खोलीत, लोखंडी झडपेमागे होता. रखवालदार त्याला ‘साहेब’ म्हणायचा. प्राणीसंग्रहालयाला खरे साहेबही होते, पण ते इतके नियमित हजर नसत.

“आणि ही जाळी? ती नाही का दिसणार?” रखवालदाराने विचारलं.

“भिंग जाळीला टेकवलं की जाळी नाहीशी होते.”

“फोटोतली,” रखवालदार म्हणाला.

“आता तेवढं निळं पिंप उचला. जंगलात पिंप नसतं.”

“साहेबांना कुठे माहितीये? जन्म इथलाच. त्या पिंपाला टेकल्याशिवाय झोपत नाहीत.” पण तो निघाला. जाताना डोक्यावरची लाल टोपी काढून त्याने झडपेच्या साखळीजवळच्या खुंटीला अडकवली. “फक्त हिला हात लावू नका. ही इथे आहे म्हणजे मी आत आहे. झडप माझा मेहुणा उघडतो. तो आधी टोपी बघतो, मग साखळी ओढतो. तेरा वर्षं असंच चाललंय.”

“बरं, बरं,” फोटोग्राफर म्हणाला. तो उन्हाकडे बघत होता. ऊन बरोबर हवं तिथे पोचलं होतं आणि फार तर दहा मिनिटं टिकणार होतं.

रखवालदार पिंजऱ्यात शिरला. फोटोग्राफरने कॅमेऱ्याला डोळा लावला. सगळं जमलं होतं. फक्त कोपऱ्यात एक लाल ठिपका. त्याने कॅमेरा डावीकडे सरकवला, तर नळ आला. उजवीकडे सरकवला, तर ‘प्राण्यांना खाऊ घालू नये’ अशी पाटी आली. माणूस वाईट नव्हता. त्याने दोन्ही बाजू करून बघितल्या. मग टोपी काढून खिशात ठेवली. मिनिटभराचा तर प्रश्न होता.

मेहुणा बादली घेऊन आला. खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती. फांद्या नसत्या तर त्याला आतला माणूसही दिसला असता, पण त्या फार नैसर्गिक लागल्या होत्या. त्याने साखळी ओढली.

झडप वर गेली. साहेब बाहेर आले, रोजच्या जागी पिंपाकडे निघाले आणि थबकले. पिंप जागेवर नव्हतं. ते पुढच्या कोपऱ्यात, एका माणसाच्या हातात होतं.

बिबट्याचे कान मागे गेले. पोट जमिनीला टेकलं. तेरा वर्षांत रखवालदाराने हे पाहिलं नव्हतं. फोटोग्राफरने मात्र पाहिलं होतं, पहिलं बक्षीस मिळालेल्या फोटोंत.

ओरडावं की फोटो काढावा, असा प्रश्न त्याला पडलाच नाही. बोटाने आधीच बटण दाबलं होतं.

“साहेब,” रखवालदार हळूच म्हणाला. “साहेब, आत.”

बिबट्या एक पाऊल पुढे आला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. कॅमेरा कटकट करत राहिला.

“दाजी?” फांद्यांपलीकडून मेहुण्याचा आवाज आला. “दाजी, तुम्ही कुठून बोलताय?”

“आतून.”

मग मेहुण्याची पावलं मागच्या बाजूला धावत गेली आणि आतल्या खोलीच्या गजांवर बादली आपटली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बिबट्याचा एक कान वळला. मग मान. मग तो उठला आणि जेवायला हाक आलेल्या कुणाही गृहस्थासारखा आत निघून गेला. मेहुण्याने पळत येऊन साखळी सोडली आणि झडप पडली.

रखवालदार बाहेर आला तेव्हा पिंप त्याच्या छातीशीच होतं. मेहुण्याने ते सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना.

“दाजी, आईशप्पथ, टोपी नव्हती हो. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?”

रखवालदाराने खुंटीकडे बघितलं. मग फोटोग्राफरकडे. फोटोग्राफरने खिशातून टोपी काढून दिली.

“फ्रेममध्ये येत होती,” तो म्हणाला. आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने कॅमेरा पुढे केला. “पण हे बघा ना. असा फोटो उभ्या जन्मात मिळत नाही.”

खरंच होतं. गवत, ऊन, दबा धरलेला बिबट्या. जाळी नाही, नळ नाही, पाटी नाही. फोटोग्राफरने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. शेवटी पडद्यावर नुसता एक पिवळा डोळा उरला. त्या डोळ्यात मधोमध काहीतरी निळं होतं. त्याच्यामागे एक बोडका माणूस.

रखवालदाराने त्यावर बोट ठेवलं. “हा मी?”

“हो. पण काळजी करू नका,” फोटोग्राफर म्हणाला. “तो काढता येतो.”