वाटणीचं हँडल

जुन्या गाड्या विकत घेणारे पुण्याचे लोक थोरल्या भावाच्या अंगणात आल्याचं कळलं, तसा वामन खुंटीवरचं लोखंडी हँडल काढून तरातरा निघाला. सकाळीच त्यानं हँडलला तेल लावलं होतं. तीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

आजोबांनी अमेरिकेहून बोटीनं मागवलेली फोर्ड वाटणीत थोरल्याकडे गेली, त्याच दिवशी वामननं तिचं हँडल उपसून आणलं होतं. समोरून हँडल मारल्याशिवाय ती गाडी सुरूच होत नसे. लोहारानं दुसरं सहज घडवून दिलं असतं, पण थोरल्यानं कधी घडवून घेतलं नाही. थोरल्याची कशी जिरवली, या एका समाधानावर वामनची तीस वर्षं मजेत गेली.

"विक की गाडी!" अंगणात पाऊल टाकताच तो गरजला. "पण आधी पाहुण्यांना चालू करून दाखव. माझे पाय धरशील, तेव्हा हे हँडल मिळेल!"

थोरल्यानं गाडीचं बॉनेट उचललं. आत इंजिनाच्या जागी वहिनीनं गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या.

"तू हँडल नेलंस ना, त्याच आठवड्यात मी इंजिन काढून मोडीत घातलं," थोरला म्हणाला. "पाहुण्यांना नुसता सांगाडाच हवाय."

वामननं हँडल खाली टेकवलं. "मग... इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू रोज तेल लावतोस, असं कानावर यायचं," थोरला हसला. "म्हटलं, लावू दे."