साडेअकराचं चांदणं

सूर्य चांगला हातभर वर आला, तेव्हा कुठे गाडीतल्या तिघांच्या लक्षात आलं की रात्र होऊन गेली.

"हा उजेड कसला?" नाबोरने विचारलं. व्हायोलिनची पेटी त्याने तान्ह्या मुलासारखी मांडीवर धरली होती.

"सकाळ म्हणतात त्याला," गाडी चालवणारा चोन म्हणाला. "रोज होते. तू झोपलेला असतोस."

मध्ये तेयो बसला होता. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्याने दोनदा दाढी केली होती, काळ्या जाकिटाची चांदीची बटणं राखेने घासली होती आणि पहाटे चारला ओतिलियाच्या खिडकीखाली गाणं म्हणायचं ठरवलं होतं. रीतच तशी: घरात दिवा लागला तर होकार. अंधारच राहिला तर वाद्यं गुंडाळून मुकाट्याने परत. आता नऊ वाजले होते, गाव अजून दोन डोंगर पलीकडे होतं आणि ओतिलियाची बस दुपारी एकला होती. घराला कुलूप लावून ती मुलीकडे तिहुआनाला चालली होती. कायमची.

"सिरिलोच्या भट्टीवर थांबायचं कुणी काढलं?" तेयोने शेवटी विचारलं.

"गाडीने," चोन म्हणाला.

घायपाताच्या दारूची, मेस्कलची, धार सुरू असताना वादक आले आणि धार संपायच्या आत उठून गेले, तर अख्खी भट्टी नासते, असं म्हाताऱ्या सिरिलोचं म्हणणं. दुसऱ्या कुणाचं नाही. पण ज्याच्या भोपळ्याच्या वाटीतून आपण पितो, त्याच्याशी वाद कसा घालायचा? पहिला घोट जमिनीला. पुढचे सिरिलोच्या मेलेल्या भावांच्या नावाने. त्यांना आता पिता येत नाही म्हणून पाहुण्यांनी. सिरिलोला भाऊ सहा. वाटीत मोत्यांसारखे बुडबुडे जमत, फुटत, पुन्हा जमत. धार बारीक होई, पण तुटत नसे. नाबोर वाजवत राहिला, तेयो गात राहिला. चोनने गाडी चालवायची म्हणून नुसता वास घेतला, असं चोनचं म्हणणं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना निळी घायपातं रांगेने मागे जात होती. गाडी एका जागी उभी आहे आणि डोंगरच ओतिलियाच्या गावाला निघालेत, असं तेयोला वाटत होतं. त्याच्या जिभेवर अजून धूर होता, आणि संत्र्याची फोड, आणि मीठ.

"पण मी काय म्हणतो," नाबोर म्हणाला, "दिवसा दिवा लागलेला दिसणार कसा?"

चोनने एक वळण घेतलं, मग दुसरं.

"मग रात्री म्हणू," चोन म्हणाला.

"रात्री ती बसमध्ये असेल, गाढवा."

"बसलाही खिडकी असते."

"एकदा लागला होता की दिवा," थोड्या वेळाने नाबोर म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं झाली. एव्हारिस्तोने बोलावलं म्हणून तिच्याच खिडकीखाली गेलो होतो आपण. गायलास तू, दिवा लागला, आणि तिचं लग्न झालं एव्हारिस्तोशी."

"तो शेजारी उभा होता," तेयो म्हणाला. "टोपी हातात घेऊन."

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. पण लेका, तू तेव्हाच सांगायचंस ना!"

"कुणाला? टोपीला?"

साडेअकराला ते पोचले. ओतिलियाच्या दाराशी दोरीने बांधलेल्या दोन पेट्या होत्या. खिडकीच्या फळ्या बंद. चुन्याच्या भिंतीवर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडे ठेवणं अवघड. समोर शेजारीण कान्दिदा अंगण झाडत होती. तिने तिघांना बटणांपासून बुटांपर्यंत पाहून घेतलं.

"पहाट आत्ता झाली वाटतं तुमची?"

"होतेय, होतेय," चोन म्हणाला आणि आपली ढेरपोटी गिटार पोटावर टेकवली.

नाबोरने गज लावला. तेयोने डोळे मिटले. गाणं चांदण्याचं होतं. खिडकीखाली म्हणायची सगळी गाणी चांदण्याचीच असतात. चांदणं कौलांवर उतरलंय, सखे, सगळं गाव निजलंय, असं तो भर उन्हात सांगत होता. एक कोंबडी त्याच्या सावलीत येऊन बसली. कान्दिदाचा झाडू थांबला. वरच्या सुराला तेयोचा आवाज फाटला आणि तसाच, फाटकाच, वर गेला.

गाणं संपलं. तिघं खिडकीकडे बघत राहिले.

"फटीत काही दिसतंय?" नाबोर कुजबुजला.

"फट दिसतेय," चोन म्हणाला.

ते थांबले. एक कुत्रा आला, थोडा वेळ तोही थांबला, आणि गेला. मग तेयोने टोपी डोक्यावर ठेवली.

"चला," तो म्हणाला. "तिची बस चुकायची."

तिघं गाडीत चढले. चोनने किल्ली फिरवली, गाडी खोकली, पुन्हा खोकली. कान्दिदा डोळ्यांवर हात धरून ओतिलियाच्या दाराच्या वर बघत होती. तिथे एक धुळकट बल्ब होता, उन्हात जेमतेम पिवळा.

"ओतिलिया!" ती ओरडली. "अगं, दारावरचा दिवा चालू राहिलाय! भर दुपारी!"

चोनने गाडी बंद केली.

"राहिला नाहीये," आतून आवाज आला. "लावलाय."