सतरा वेळा ताप

तपासनिसाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याच्याकडे फिरवले.

"डावीकडचा तुमचा. उजवीकडचा तुमच्या मिसेसचा. वाचा."

त्याने वाचले. डावीकडे त्याच्याच अक्षरात तीन वर्षं होती. रोजची दारू, कुंपणाच्या खांबावर घातलेली गाडी, उपचारकेंद्रातले दोन महिने. त्यानंतरचे चौदा महिने कोरडे. सोबत डॉक्टरांचं पत्र, जे तो कायम पाकिटात बाळगे. उजवीकडे एकच ओळ होती. 'माझे पती मद्याला स्पर्शही करत नाहीत, कधी केलेला नाही.'

तो गोपनीय कागदांच्या खोलीचा किल्लीदार. बायको त्याच आवारात, नकाशा विभागात. दर पाच वर्षांनी सगळ्यांचे पास नव्याने तपासले जात. नवरा-बायको दोघंही नोकरीत असले, तर त्यांना एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत बसवून स्वतःबद्दल आणि एकमेकांबद्दल लिहून घेत. पास गेला की नोकरी गेली. त्यामुळे दारूचा रकाना आला की आवारातलं प्रत्येक पेन एकदम सात्त्विक होई. बारमधून थेट पाळीवर येणारेसुद्धा ठसठशीत 'नाही' लिहीत. त्यानेही तेच लिहायचं ठरवलं होतं. ऐनवेळी हात वळला नाही, इतकंच. बायको तोवर पलीकडच्या खोलीत बसली होती.

"माझा कागद रद्द करा," तो म्हणाला. "तिचा खरा धरा."

"आणि डॉक्टर काय, फावल्या वेळात कादंबरी लिहितात?"

तपासनिसाने एक फाइल उघडली. आत रजेचे अर्ज होते. त्याने ते पत्त्यांसारखे एकेक करून मांडले.

"तीन वर्षांत सतरा वेळा ताप. त्यातले अकरा सोमवारी. सगळे अर्ज बाईंच्या अक्षरात, खाली तुमची सही. एवढ्या तापात हत्तीसुद्धा टिकला नसता."

अर्जांवरच्या सह्या त्याच्याच होत्या. एकही केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"तिने आयुष्यात थेंब घेतला नाही, साहेब."

"माहितीये. म्हणून तर जिवावर येतं." तपासनिसाचा आवाज कोरा होता. "पिऊन सावरलेला माणूस आम्ही ठेवतो. स्वतःच सगळं सांगून मोकळा झाला की त्याला कोणी कशाची भीती घालणार? रजेच्या खोट्या अर्जांवर नशेत सह्या केल्या असतील, हेही तुम्ही लिहिलंय, शेवटच्या ओळीत. पण आज, इथे, शपथेवर जे खोटं लिहितात, त्यांना नाही ठेवता येत. कितीही मायेने लिहिलेलं असो."

त्याने डावीकडच्या कागदावर शिक्का मारला.

"पाच वर्षं पास कायम. या आता. जाताना बाईंना आत पाठवा."

आपल्याला बरं वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. त्याने थोडी वाट पाहिली. काहीच वाटलं नाही. तो उठला, खुर्ची सरकवून जागेवर लावली आणि बाहेर आला.

ती बाकावर बसली होती. त्याला पाहताच उठली आणि त्याची कॉलर सरळ केली.

"झालं ना? मी एका ओळीत निकाल लावला. तुम्हाला एवढा वेळ काय लागला? निबंध लिहीत होता की काय?"

"मी सगळं खरं लिहिलं," तो म्हणाला. "पहिल्यापासून. तुला आत बोलावलंय."

तिचा हात कॉलरवरच राहिला. मग ती जवळ सरकली आणि सवयीने तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला.

वास नव्हता. तिने गळ्यातला पास काढला, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि दार ढकललं.