टबातली परीक्षा

पायांतलं बळ नेणारा आजार डोकंही नेतो, हे आपल्या प्रबंधात उंदरांवर सिद्ध करायचा त्या संशोधक मुलीने चंगच बांधला होता. टबातल्या पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे, हे आधी शिकवलेलं आठवून त्यावर चढायचं, एवढीच परीक्षा. पण तिचा लाडका आजारी उंदीर हल्ली नुसता तरंगत तिच्याकडे केविलवाणं बघायचा. ती लगेच विरघळायची, त्याला उचलून टॉवेलात गुंडाळायची आणि निकाल लिहायची, ‘विसरला.’

आज सर बघायला आले. “मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही.”

उंदीर तरंगला. तिच्याकडे बघत राहिला. हात काही येईना, तेव्हा कसेबसे पाय मारत सरळ चौथऱ्यावर गेला आणि मिशा पुसत बसला.

तिचा चेहरा पडला. “सर, माझा प्रबंध?”

“निष्कर्ष तसाच ठेव. या आजारात डोकं कामातून जातं, हे खरंच आहे. कुणाचं, तेवढं लिहू नकोस.”