झालं, घडलं

"मी बोलेन तसंच्या तसं साहेबाला सांगशील ना?" खैरुद्दीननं दारातच विचारलं.

"शब्दन्‌शब्द," लियाकत म्हणाला.

दोघेही रत्नागिरीकडचे, एकाच गावचे. दुबईतल्या एका माल उतरवणाऱ्या कंपनीत लियाकत कारकून होता, खैरुद्दीन हमाल. परवा बोटीवरून सिमेंट उतरवताना दोर तुटला आणि गोण्या वलीच्या अंगावर कोसळल्या. वली जागीच गेला. तो खैरुद्दीनच्या बहिणीचा, हव्वाबीचा नवरा.

आज मोठ्या साहेबांनी चौकशीला बोलावलं होतं. साहेब इंग्रजी बोलणार, खैरुद्दीन मराठी. मधे लियाकत.

काय घडलं, साहेबांनी विचारलं.

"दोराचा पीळ सुटला होता. वलीनं छोट्या साहेबाला दाखवला. तो म्हणाला, यल्ला, चल चल, चालव तसंच. त्यानंच मारलं वलीला."

लियाकतनं मनात हिशेब मांडला. छोटा साहेबही मोठ्यासारखाच गोरा होता. त्याचं नाव घेतलं तर खैरुद्दीनची नोकरी खलास. गावी बायको कुलसुम, पोरं आणि आता हव्वाबीही त्याच्याच गळ्यात.

"ॲक्सिडेंट हॅपन्ड, सर."

साहेब खैरुद्दीनकडेच बघत राहिले. "पुन्हा विचार त्याला."

"पुन्हा काय? त्यानं मारलं म्हणून सांग!"

"इट ऑकर्ड सडनली, सर."

इंग्रजीत शब्दांना तोटा नव्हता. कुणी काहीच न करता सगळं होऊन जात होतं.

खैरुद्दीन उठून उभा राहिला. "माझ्या बहिणीचा संसार बुडवला त्यानं. अल्ला बघतोय, म्हणावं!"

"इट केम टू पास, सर. बाय गॉड्स विल."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मान डोलावली.

बाहेर पडताना खैरुद्दीननं लियाकतचा हात घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "उपकार झाले, भाई. मला कुठलं येणार होतं असं बोलायला?"

"जा तू. मी आलोच," लियाकत कसाबसा म्हणाला.

टेबलावरचे कागद उचलायला तो परत आत गेला. साहेब पाइप पेटवत होते. एक झुरका घेऊन ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "इंग्रजांच्या राज्यात रत्नागिरीत बरीच वर्षं काढलीत मी, लियाकत. कागदावर तू सांगितलंस तेच राहू दे. पण तो गप्प बसणारा नाही. उद्याच्या मुंबईच्या बोटीवर बसव त्याला. आणि का, तेही तूच सांग. तुला शब्द चांगले सुचतात."