तीसपैकी आठ

“आठ,” काशिनाथ म्हणाला आणि लाल पेनाला टोपण लावलं. “तीसपैकी आठ.”

काल सात होते, परवा नऊ. बापाच्या तोंडाकडे बघायची गौरजाची छाती होईना, म्हणून ती त्याच्या डोक्यामागच्या दिनदर्शिकेकडे बघत बसली.

देवळासमोर काशिनाथचं नारळ-फुलांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा बापलेकीचा हा अभ्यास चाले. बारावीनंतर दिल्लीच्या कॉलेजात जायचं तर प्रवेश परीक्षा द्यायला हवी, तीही वर्षातून एकदाच. इंग्रजी उतारा वाचायचा आणि प्रत्येक प्रश्नाला चारांतलं एक उत्तर निवडायचं. हायस्कुलातून निवृत्त झालेल्या शुभदाबाईंनी तिला वीस सराव पेपर दिले होते. त्यांची उत्तरं मात्र त्यांनी काशिनाथच्या हवाली केली. पेपरागणिक एक चिठ्ठी, चिठ्ठीवर पाच ओळींत सहा-सहा असे नीट आखलेले तीस चौकोन, चौकोनात एकेक अक्षर. “हिला दाखवायची नाहीत हं. तपासायचं काम तुमचं,” असं बजावून बाई मुलाकडे पुण्याला गेल्या.

काशिनाथ सातवी शिकलेला. पण ए बी सी डी येतच होतं की! आणि हे काम मिळाल्यापासून त्याची मान अशी ताठ झाली होती, की विचारू नका.

“काशिनाथा, संकष्टी कधी रे?” रस्त्यापलीकडून बाबलीने विचारलं. तो तिथे सरबत विकायचा, आणि सगळ्या वाडीसारखा तोही तिथीसाठी काशिनाथलाच हाक मारायचा.

काशिनाथने दिनदर्शिकेवर बोट ठेवलं आणि तारखांवरून भरभर खाली नेलं. “गुरुवारी!” तो ओरडला. मग तेच बोट परत मांडीवरच्या चिठ्ठीवर आलं.

“गंमत बघ हां,” तो लेकीला म्हणाला. “पयलो आणि शेवटचो प्रश्न तुझो कधी चुकत नाय. मधीच खंय जातंस गो?”

गौरजाला हसू आलं नाही. आजचा उतारा एका म्हाताऱ्या नावाड्याचा होता. पूल झाल्यावर त्याच्या होडीत कोणी बसेना, तरी तो रोज होडी धुवून ठेवायचा. त्याला काय वाटत होतं, असा चौदावा प्रश्न. तिने ‘एकटेपणा’ निवडलं होतं. त्यावर लाल फुली होती.

“मग बरोबर काय, बाबा?”

“बी.”

बी म्हणजे ‘आनंद’. गौरजाने उतारा पुन्हा वाचला, मग आणखी एकदा. आनंद तिला कुठेच सापडेना.

“चिठ्ठी चुकीची नाय मां?” तिने भीतभीत विचारलं.

“बाईंची चिठ्ठी? गप गो!”

तिने कागदाची घडी घातली. आपल्याला वाटतं ते नसतंच, हे तिला आता पटत चाललं होतं. मैत्रिणीचा साधा मेसेज आला तरी ती दोनदा वाचायची, आणि तरीही तिची खात्री व्हायची नाही.

संध्याकाळी बाबलीने सगळ्यांदेखत विचारलं, “काय रे, तुझ्या चेडवाक मार्क किती पडतत?”

“पंचवीसच्या खाली नाय,” काशिनाथने ठोकून दिलं.

आत अबोलीचे वळेसर, केसांत माळायचे गजरे, करत बसलेल्या गौरजाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बापाला आपल्यापायी खोटं बोलावं लागतं, यापेक्षा लाजिरवाणं काय असणार? बाईंचा पुण्याहून फोन आला तेव्हा तीही “चाललंय, बाई” एवढंच म्हणाली.

विसावा पेपरही झाला. आठ. परीक्षेला तीन दिवस होते.

“बाबा, मी जावचंय नाय.”

काशिनाथ नारळ सोलत होता. त्याने हात थांबवला. पोरीला ओरडावं, समजूत काढावी, चार शब्द धीराचे बोलावेत, असं सगळं त्याच्या मनात आलं. पण खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. आठ मार्क घेऊन आली असती, तर बाबलीला तोंड कसं दाखवणार होता? आणि हायसं वाटलं म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“रवांदे,” तो म्हणाला. “हयसरल्या कॉलेजात जा. काय वाईट आसा?”

परीक्षेच्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही. कोणी विचारायला नको.

पाचव्या दिवशी शुभदाबाई आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊनच. “काय गौरजा, कसा गेला पेपर?”

गौरजा अबोलीचा दोरा नुसताच बोटाला गुंडाळत राहिली.

“बाई, रागावू नका,” काशिनाथच म्हणाला. “आम्ही गेलोच नाही. पोरीचा दोष नाही. तिला वाचलेलं कळतच नाही. मी रोज तपासलंय, बघा तुम्हीच.” त्याने गठ्ठा पुढे केला. नावाड्याचा पेपर वरच होता, त्याला चिठ्ठी टाचलेली.

बाईंनी चष्मा लावला. लाल फुल्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. चिठ्ठीवर बोट ठेवून त्या गौरजाची उत्तरं तपासू लागल्या.

“बरोबर.”

काशिनाथने मान हलवली. पहिलं नेहमी बरोबरच यायचं.

“बरोबर. हेही बरोबर. बरोबर.”

आता काशिनाथची मान हलेना. गौरजा दोरा टाकून उठली आणि बाईंच्या मागे येऊन उभी राहिली.

“चौदावा. एकटेपणा,” बाई म्हणाल्या. “बरोबर. अहो, कळत नाही काय म्हणता?”

काशिनाथ त्यांच्या बोटाकडे बघत होता. ते चिठ्ठीवर आडवं चाललं होतं; त्याचं मात्र रोज दिनदर्शिकेवरच्यासारखं वरून खाली आलं होतं.