हललेला फोटो

"काका, हा दहा इंची, चित्र मोठं दिसतं. तो सात इंची, पिशवीत सहज मावतो," दुकानातली मुलगी म्हणाली.

विश्वासराव चौगुल्यांना टॅब फक्त फोटो बघायला हवा होता. बायको सुलभा गेल्यापासून लेकीकडे सोलापूरला जायचं ते एकट्यानंच, आणि एसटीत वाट सरता सरत नसे. मोबाइलवर बघावं, तर चेहरेही धड दिसत नसत.

"बायकोच्या कॅमेऱ्यातलं आहे," म्हणत त्यांनी कार्ड पुढे केलं. मुलीनं ते कार्ड-रीडरनं मोठ्या टॅबला जोडलं. गणपतीपुळे, उटी, बदामी. सगळीकडे विश्वासरावच उभे.

"काकू कुठे आहेत यात?"

ते फोटो सरकवत शेवटपर्यंत गेले. कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा. तुझा काढू का, असं विचारलं की म्हणायची, "माझा कशाला? घरात आरसा आहे की." आणि तेही फार आग्रह करत नसत.

"यात नाही ती," ते हळूच म्हणाले. टॅब तसाच ठेवून निघून जावं, असं त्यांना वाटलं.

मुलगी जरा अवघडली. मग विषय बदलावा म्हणून म्हणाली, "काका, हा एक हललाय. पुसून टाकू?"

विश्वासरावांनी पाहिलं. बदामीच्या पायऱ्यांवर ते स्वतः अंधूक, दुहेरी दिसत होते. तो काढताना सुलभा कशावरून तरी हसत सुटली होती.

"मोठाच दे," ते म्हणाले. "आणि तो फोटो राहू दे. तिचा हात हललाय तिथं."